शेवंड रात्रभर जिवंत ठेवायची कशी?

मासळीचा सल्ला : वाचकांचे प्रश्न, मालवणच्या काकींची उत्तरं

गणपती गेले, समुद्र निवळला की या सदराला येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. पापलेट-सुरमईचे प्रश्न मागे पडतात आणि जिवंत शेवंड (आपल्याकडची लॉब्स्टर), जिवंत चिंबोऱ्या (खाडीतले खेकडे) यांची चौकशी सुरू होते. यंदा ती पत्रं इतकी आली की हा अंक त्यांनाच देते आहे. आमच्या घरचा धंदा जिवंत मालाचाच. सासऱ्यांच्या वेळी शेवंडी खाडीच्या तोंडाशी बुडवलेल्या पिंजऱ्यात राखून ठेवत आणि व्यापारी आला की काढत. आता मी हॉटेलांना आणि घरगुती गिऱ्हाइकांना माल देते. खाली लिहिलंय ते रोज हाताखालून जाणारं आहे.

प्रश्न : काकी, दिवाळीच्या सुट्टीत मालवणला आलो होतो. निघताना बंदरावर तीन जिवंत शेवंडी घेतल्या आणि रात्रीच्या गाडीने ठाण्याला आणल्या. सकाळी पोचलो तेव्हा तिन्ही हलत होत्या. पाहुणे रात्री जेवायला येणार, म्हणून मोठ्या टबात पाणी भरून चार मुठी मीठ घातलं आणि त्यांना त्यात सोडलं. दुपारी बघतो तर तिन्ही मेलेल्या. काय चुकलं? आणि त्या खाल्ल्या असत्या तर चाललं असतं का? आम्ही टाकून दिल्या, आई अजून हळहळते. (वाचक, ठाणे)

उत्तर : दादा, तुमच्या शेवंडी प्रवासाने मेल्या नाहीत, टबाने मेल्या. रात्रभर गाडीत हलत आलेला जीव घरी येऊन चार तासांत जातो, याचं कारण पाणीच आहे. हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त वेळा सांगावी लागते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि शेवंडीचं रक्तही जवळपास तेवढंच खारं असतं. तिला नळाच्या पाण्यात सोडलं की ते पाणी तिच्या अंगात शिरत राहतं. ते उपसून बाहेर टाकायची ताकद तिच्या शरीरात नाही, आतला सगळा मेळ बिघडतो आणि ती जाते. तुम्ही मीठ घातलंत, पण भरल्या टबाला चार मुठी म्हणजे काहीच नाही. आणि अगदी तराजूवर मोजून घातलं असतंत तरी जेवणातलं मीठ म्हणजे समुद्र नव्हे. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम असतं, कॅल्शियम असतं, पोटॅशियम असतं. त्यातून शहराच्या नळाला क्लोरीन. तो आपल्या पोटाला चालतो, तिच्या कल्ल्यांना भाजतो.

समजा, तुम्ही चिवल्याच्या किनाऱ्यावरून खरं समुद्राचं पाणी कॅन भरून आणलंत. तरी टबातल्या उभ्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू किती असणार? तीन शेवंडी तो लवकरच संपवतात, आणि पाणी जितकं कोमट तितका तो मुळात कमी. शिवाय त्यांच्या अंगातून सुटणारा अमोनिया त्याच पाण्यात साठत जातो. हवेचा पंप, गाळणी आणि गारवा यांची सोय असलेल्या टाकीत शेवंडी राहतात, हॉटेलांत तशा टाक्या असतात. एका रात्रीसाठी घरी तो खटाटोप कोणी करू नये.

म्हणून लक्षात ठेवा, तिला पाणी नको, ओल हवी. शेवंडीच्या पाठीच्या कवचाखाली दोन्ही बाजूंना पोकळ्या असतात, त्यांत कल्ले असतात. कल्ले ओले आहेत तोवर हवेतला प्राणवायू त्या ओलीत विरघळतो आणि ती तगून राहते. सुकले की ते एकमेकांना चिकटतात, मग भोवती कितीही हवा असली तरी तिला उपयोग नाही.

आता पुढच्या वेळी काय करायचं ते. थर्माकोलचा खोका घ्या, फळांचा किंवा मासळीचा, आणि झाकणाला पेन्सिलीएवढी पाच-सहा भोकं पाडा. गोणपाट किंवा जाड सुती कापड समुद्राच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा, थेंब गळता कामा नये. त्याचा एक थर खाली घाला. त्यावर शेवंडी पोटाकडची बाजू खाली करून शेजारी शेजारी ठेवा, एकीवर दुसरी नको. वरून तसंच ओलं कापड पांघरा. गारव्यासाठी पाण्याची प्लास्टिकची बाटली फ्रीझरमध्ये गोठवून, वर्तमानपत्रात गुंडाळून एका कोपऱ्यात ठेवा. बर्फ सुटा घालू नका. तो वितळून गोडं पाणी होतो आणि खोक्याच्या तळाशी पुन्हा तुमचा टबच तयार होतो. बाटली वितळली की दुसरी ठेवा. खोका घरातल्या सगळ्यात थंड, अंधाऱ्या जागी असू द्या, आणि मुलांना दर दहा मिनिटांनी झाकण उघडून पाहू देऊ नका. प्रत्येक वेळी ती दचकते, शेपूट आपटते आणि उरलेली ताकद घालवते.

किनाऱ्यावरून निघतानाच दोन लिटरची एक बाटली समुद्राच्या पाण्याने भरून घ्या. कापड सुकत आलं की तेच पाणी शिंपडायचं. बाटली नसेल तर साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं कापड चालवून घ्या, कोरड्या खोक्यापेक्षा ते बरं.

असं ठेवलं तर चांगली, न दुखावलेली शेवंड एक रात्र निघते. मी घरगुती गिऱ्हाइकाला त्याहून जास्त वेळेचा शब्द देत नाही. परदेशी जाणाऱ्या जिवंत शेवंडींना आधी हळूहळू गार करतात आणि थंड लाकडी भुशात पॅक करून विमानाने पाठवतात, त्या तग धरतात. पण तो माल निवडून घेतलेला असतो आणि गारवा अंशाअंशाने सांभाळलेला असतो.

निवड महत्त्वाची, आणि ती बंदरावरच करायची. शेवंड पाठीवरून, मिशांच्या मागे धरून उचला, हातमोजा किंवा फडकं घ्या कारण काटे लागतात. जिवंत, धडधाकट शेवंड उचलल्याबरोबर शेपूट फाडकन पोटाखाली मारते. मिशांच्या बुडाशी घासल्यासारखा कर्र कर्र आवाज काढते, तो तिचा निषेध असतो आणि मला तो ऐकायला फार आवडतो. डोळ्यांजवळ बोट नेलं की डोळे हलतात. शेपूट सैल लोंबत असेल तर ती शेवंड घेऊ नका, विकणारा काहीही सांगो. जाळ्यातून ओढून काढताना पाय तुटलेली, शेपटीखालचं मऊ कातडं फाटलेली शेवंड त्याच दिवशी शिजवायला ठीक, पण ठाण्याच्या प्रवासाला नको. जखमेतून तिचं रक्त वाहून जातं. ते लाल नसतं, पातळ आणि निळसर झाक असलेलं असतं, त्यामुळे पुष्कळांना ते रक्त आहे हेच कळत नाही, पाणी गळतंय असं वाटतं.

राहिला खाण्याचा प्रश्न. टाकून दिल्यात ते बरोबर केलंत, आईंना माझा निरोप सांगा. शेवंड मेली की तिच्या डोक्यातल्या पाचक ग्रंथीतले रस तिच्याच मांसाला विरघळवू लागतात. डोक्याकडून सुरुवात होते आणि शेपटीचं मांस पिठासारखं भुसभुशीत होत जातं. जोडीला उबदार हवेत विब्रिओसारखे जंतू भराभर वाढतात, आणि त्यांतले काही पोट चांगलंच बिघडवतात. कधी मेली ते माहीत नाही, टबातल्या पाण्यात पडून होती, असा माल कितीही महागाचा असला तरी ताटात नको. तुमच्या डोळ्यांदेखत गेली तर गोष्ट वेगळी. तिथल्या तिथे डोकं पिळून वेगळं करा, शेपूट धुऊन बर्फात घाला आणि त्याच वेळच्या जेवणात शिजवा.

प्रश्न : शनिवारी मंडईत जिवंत चिंबोऱ्या चांगल्या मिळतात, पण आमच्याकडे शनिवार पाळतात, त्यामुळे करायच्या रविवारी दुपारी. फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवल्या तर सकाळी मरगळलेल्या असतात, एखादी मेलेलीही निघते. बाहेर ठेवल्या तर घरभर फिरतात. काय करावं? (वाचक, पुणे)

उत्तर : ताई, फ्रीज नको. चिंबोरी आपल्या खाजणातली, उबदार चिखलातली. घरच्या फ्रीजमध्ये चार-पाच अंश असतात, ती थंडी तिला सोसत नाही. ती शांत झालेली दिसते आणि आपल्याला वाटतं छान झोपली. तशी ती झोपत नाही, हळूहळू जाते.

त्या मानाने चिंबोरी फार चिवट. खाडीत भरतीला खारं आणि पावसात गोडं असं दोन्ही पाणी ती सोसते, ओहोटीला उघड्यावर बसते, त्यामुळे हवेत श्वास घ्यायची तिला सवय असते. डेंगे सुतळीने बांधलेले असू द्या. विकणारा बांधून देतो ते सोडायचे नाहीत, नाहीतर त्या एकमेकींचे पाय तोडतात. बांबूची टोपली किंवा भोकांची प्लास्टिक क्रेट घ्या, चिंबोऱ्या एका थरात ठेवा आणि वरून ओलं गोणपाट टाका. टोपली मोरीत किंवा बाथरूमच्या फरशीवर, जिथे ऊन नाही आणि पंख्याचा वारा थेट लागत नाही तिथे ठेवा. रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर गोणपाटावर पाणी शिंपडा. पुण्याच्या हिवाळ्यात दोन दिवस सहज निघतील. मे महिन्यात मात्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतच धरून चाला.

बादलीत पाणी घालून त्यात बुडवून ठेवू नका. उभ्या पाण्यातला प्राणवायू संपला की चिंबोरी बुडून मरते, हे सांगितलं की लोकांना खोटं वाटतं.

आणि हे फक्त खाजणातल्या हिरवट-काळसर चिंबोरीला लागू. पाठीवर तीन लालसर ठिपके असलेली समुद्रातली खेकडी तुमच्या मंडईत येते, ती पाण्याबाहेर टिकत नाही. ती बहुतेक बर्फावर मेलेलीच मिळते. घेतल्या दिवशी करायची, शनिवार पाळत असाल तर शनिवारी घ्यायचीच नाही.

प्रश्न : दोन दिवस ठेवायच्या असतील तर त्यांना खायला काय घालायचं? मुलगी कोलंबीचे तुकडे टाकते. (वाचक, पनवेल)

उत्तर : काही नको. चिंबोरी असो की शेवंड, काही दिवस उपाशी सहज राहते. खाल्लं की घाण करते आणि तीच घाण तिच्या कल्ल्यांना लागते. शिजवतानाही रिकाम्या आतड्याची बरी. मुलीची माया कळते, तिला गोणपाटावर पाणी शिंपडायचं काम द्या.

प्रश्न : नमस्कार काकी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे मेन राज्यातली लॉब्स्टर मिळते, डेंग्यांना रबर लावलेली. दुकानदार म्हणतो फ्रीजमध्ये ठेवा. मालवणची माझी मावशी फोनवर ओरडते की फ्रीजमध्ये ठेवशील तर मारशील. कोणाचं ऐकू? आणि हिचं तिखलं होतं का? (वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : दोघंही खरं सांगतात, प्राणी वेगळे आहेत. आपली शेवंड आणि तुमची लॉब्स्टर लांबच्या नात्यातल्या. शेवंडीला मोठे डेंगे नसतात, लांब मिशा आणि काटे हेच तिचं हत्यार, आणि ती उबदार समुद्रातली. मेनची लॉब्स्टर उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातली, तिला चार अंश म्हणजे घरच्यासारखं. मावशीचा नियम मालवणात पाळा, दुकानदाराचा न्यू जर्सीत.

फ्रीजच्या खालच्या खणात ठेवा. ओल्या वर्तमानपत्रात सैल गुंडाळून, उघड्या ट्रेमध्ये किंवा कागदी पिशवीत. प्लास्टिकची पिशवी गाठ मारून बंद केली किंवा हवाबंद डबा वापरला की गुदमरते. रबर काढायचे नाहीत. गोडं पाणी आणि सुटा बर्फ या दोन्हींपासून हिलाही तितकंच जपायचं. आणलेल्या दिवशी करणं सगळ्यात चांगलं, चोवीस तास ठीक, छत्तीसच्या पुढे थांबू नका. थंडीने ती सुस्त दिसेल. बाहेर काढून थोडा वेळ ठेवा, पाय हलवायला लागते. उचलल्यावर शेपूट आत वळवते की नाही ते पाहा. वळवली तर ठीक आहे.

तुमच्याकडची एक गोष्ट मला मनापासून पटते. मेनमध्ये डोळ्याच्या खोबणीपासून पाठीच्या कवचाच्या टोकापर्यंत मोजतात. सव्वातीन इंचांहून लहान परत पाण्यात, पाच इंचांहून मोठी तीही परत. अंड्यांची मादी सापडली तर तिच्या शेपटीच्या पाकळीला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडून सोडतात, म्हणजे पुढे ती अंड्यांशिवाय सापडली तरी ही वीण देणारी आहे हे कळतं आणि कोणी ठेवून घेत नाही. असं काही आपल्या किनाऱ्यावर रुजावं असं मला फार वाटतं.

तिखलं होतं, पण मालवणी मसाल्यात तासभर रटरटू देऊ नका. अर्धा किलोच्या आसपासची लॉब्स्टर वाफेवर दहा मिनिटांत शिजते. तिखल्यासाठी पाच-सहा मिनिटं वाफवा, तुकडे करा, रस्सा वेगळा उकळून घ्या, तिरफळं ठेचून घाला आणि शेवटच्या तीन-चार मिनिटांत तुकडे सोडा. जास्त शिजलं की मांस रबरासारखं होतं, मग मसाल्याला दोष देऊ नका.

प्रश्न : टोपलीतल्या चिंबोरीच्या तोंडाला फेस आलाय. विष वगैरे असेल का? (वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. कल्ल्यांजवळ थोडं पाणी साठवून ती तेच पुन्हा पुन्हा फिरवते, त्यात हवा मिसळते, त्याचे बुडबुडे तोंडाशी येतात. जिवंत असल्याची खूण आहे. मात्र फेस फार येऊ लागला तर गोणपाट सुकलंय का ते बघा.

प्रश्न : काकी, मी रत्नागिरीला शिकतो. बाबांनी बाजारातून शेवंड आणली, साफ करताना शेपटीखाली नारिंगी दाण्यांचा घोस निघाला. बाबा म्हणतात हे सगळ्यात चविष्ट असतं. मला कसंतरी वाटलं. खायचं का? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : बाळा, तुला कसंतरी वाटलं ते बरोबर वाटलं. ती तिची अंडी. शेपटीखालच्या पाकळ्यांना चिकटवून ती त्यांना सांभाळते, पाणी हलवत ठेवते. ताजी असतात तेव्हा नारिंगी, फुटायला आली की तपकिरी होतात. एका मादीच्या पोटाखाली लाखोंच्या घरात अंडी असतात. त्यांतून निघणारं पिल्लू शेवंडीसारखं दिसतही नाही, काचेच्या चपट्या पानासारखं पारदर्शक असतं आणि कित्येक महिने समुद्रावर तरंगत राहतं. इतक्यांतून जगतात थोडी. म्हणून प्रत्येक मादी मोलाची.

तुझ्या बाबांच्या ताटातली शेवंड आता परत जिवंत होणार नाही, खा. पण पुढच्या वेळी बाजारात गेलास की शेपूट उलटून बघायची सवय लाव, आणि अंड्यांची असेल तर घेऊ नकोस. तुझ्यासारख्या चार गिऱ्हाइकांनी नाही म्हटलं तर विकणारी बाई जाळीवाल्याला सांगते, आणि जाळीवाला ती जिवंत आहे तोवर होडीवरूनच पाण्यात सोडतो. आमच्याकडे काही जण सोडतात, मी स्वतः त्यांच्याकडून अंड्यांचा माल घेत नाही.

मुंबईसमोरच्या समुद्रात एक चपट्या अंगाची शेवंड ढिगाने मिळायची, डोकं फावड्यासारखं, मिशा नाहीत. ट्रॉलरच्या जाळ्यांनी ती लहान-मोठी, अंड्यांची, सगळी उपसली आणि १९९४ पर्यंत तिची मासेमारी कोलमडली. पुढे २००३ मध्ये केंद्र सरकारने निर्यातीसाठी किमान वजनं ठरवून दिली : मुंबई-रत्नागिरीकडची नेहमीची शेवंड ३०० ग्रॅम, खडकाळ किनाऱ्यावरची होमॅरस जातीची २०० ग्रॅम, रंगीत मोठी ऑर्नेटस ५०० ग्रॅम आणि ही चपटी १५० ग्रॅम. नियम निर्यातीचा आहे. आपल्या मंडईत तळहाताएवढ्या शेवंडी वाट्यावर विकतात, तिथे नियम आपणच पाळायचा. वजनकाटा समोरच असतो, ३०० ग्रॅमच्या खालची शेवंड मागे सरकवा.

चिंबोरीत घोटाळा करू नकोस. तिच्या पाठीखाली आत असते ती लाख, ती अजून बाहेर न आलेली अंडी. ती सगळेच खातात. बाहेर, पोटाच्या झाकणाखाली दाण्यांचा स्पंजासारखा गोळा दिसला तर ती अंडी घालून बसलेली मादी. तिला घ्यायचं नाही. मादीचं झाकण रुंद आणि गोल, नराचं निमुळतं त्रिकोणी, पटकन ओळखता येतं.

प्रश्न : आमच्या घरात चिंबोऱ्या जिवंतच उकळत्या पाण्यात टाकतात. परवा माझ्या सहा वर्षांच्या मुलाने ते पाहिलं आणि दोन दिवस जेवला नाही. घरातले म्हणतात त्यांना काही कळत नसतं. खरंच कळत नाही का? दुसरी काही रीत आहे का? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : ताई, कळतं. हे मी धंद्यात असूनही सांगते. उकळत्या पाण्यात पडलेली चिंबोरी पाय आपटते, झाकण ढकलते, स्वतःचे पाय आणि डेंगे अंगापासून तोडून टाकते. ज्याला काही कळत नाही तो असं करत नाही. स्वित्झर्लंडने १ मार्च २०१८ पासून लॉब्स्टर जिवंत उकळण्यावर बंदी घातली, आणि तिथे जिवंत लॉब्स्टर बर्फावर किंवा बर्फाच्या पाण्यात घालून नेताही येत नाही. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात खेकडे, शेवंडी, कोळंबी यांना वेदना जाणवणाऱ्या प्राण्यांत धरलं. तुमच्या मुलाला सहाव्या वर्षी योग्य तेच वाटलं आहे, त्याला रागावू नका.

आपल्याकडच्या चिंबोरीसाठी आणि शेवंडीसाठी ही रीत. करायच्या आधी एका पातेल्यात तीन वाटे फोडलेला बर्फ आणि एक वाटा खारं पाणी घ्या. आता खारं पाणी घरचं मिठाचं चालतं, कारण आता तिला जगवायचं नाही. त्यात ती पूर्ण बुडेल अशी ठेवा आणि किमान वीस मिनिटं थांबा, मोठी असेल तर अर्धा तास. वर मी सुटा बर्फ नको म्हटलं ते राखून ठेवताना, हे शेवटच्या अर्ध्या तासाचं. उबदार पाण्यातल्या या जीवांची जाणीव थंडीने हरपते. बाहेर काढून बघा : पाय ओढले तर ती परत ओढत नाही, डोळ्याला हात लावला तरी डोळा हलत नाही, डेंगा सैल पडतो. यातलं एखादं लक्षण जरी दिसलं नाही तरी परत बर्फात घाला. घाई करू नका.

मग लगेच पुढचं काम. चिंबोरी उताणी करा, पोटाचं झाकण उचला. त्याखाली एक छोटासा खळगा दिसतो, तिथे टोकदार सुरी किंवा जाड सुळा सरळ खाली दाबा, दुसरा वार पुढून डोळ्यांच्या मध्ये. तिचे मज्जातंतूंचे दोन मोठे गड्डे याच दोन जागी असतात. शेवंडीचं तसं नाही, तिच्यात ते पोटाच्या बाजूने डोक्यापासून शेपटीपर्यंत माळेसारखे ओवलेले असतात. म्हणून तिला जड सुरीने मधोमध, डोक्याकडून सुरुवात करून उभी चिरायची. एका दमात. सुरी धारदार हवी, बोथट सुरी घेऊन हे काम कोणी करू नये.

पाणी उकळून त्यात टाकणं सोपं आहे, हे मान्य. पण असं केल्याने मांसही चांगलं राहतं. चिंबोरी पाय टाकत नाही, सांध्यांतून उकळतं पाणी आत शिरत नाही आणि रस आतच राहतो. आमच्या हॉटेलवाल्यांना मी हे फायद्याचं म्हणून सांगते. तुम्हाला मुलासाठी सांगते. त्याला दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण त्याने विचारलं तर खरं सांगा की आई आता तिला आधी शांत करते.

प्रश्न : काकी, चिंबोऱ्या अमावास्येला भरलेल्या आणि पौर्णिमेला पोकळ असतात म्हणतात. घेताना तिथी बघायची का? (वाचक, वसई)

उत्तर : आमच्याकडेही जुनी माणसं तिथी बघून घेतात आणि मी त्यांना नाही म्हणत नाही. पण पोकळपणाचं कारण कात. चिंबोरी वाढताना जुनं कवच टाकते, नवं मोठं कवच पाणी भरून फुगवते आणि त्यात मांस भरायला वेळ लागतो. त्या दिवसांत ती दिसते मोठी आणि निघतं नुसतं पाणी. तशी चिंबोरी राखून ठेवायलाही वाईट, पटकन मरते. घेताना उताणी धरून पायांच्या बुडाशी कवच अंगठ्याने दाबा. दबलं तर सोडून द्या. आकाराच्या मानाने हाताला जड लागली, पोटाकडचं कवच स्वच्छ पांढरं नसून जरा मळकट, खरचटलेलं असलं तर ती जुन्या कवचाची, भरलेली. तिथी कुठलीही असो.

प्रश्न : आमच्याकडे पावसात शेतातले, ओढ्यातले काळे खेकडे मिळतात. त्यांनाही गोणपाटच का? (वाचक, कराड)

उत्तर : गोणपाट चालतं, आणि बादलीही चालते, कारण ते गोड्या पाण्यातलेच. बादलीत बोटभर पाणी, ओढ्याचं किंवा रात्रभर उघडं ठेवलेलं नळाचं, आणि त्यात दोन-तीन दगड, म्हणजे त्यांना पाण्याबाहेर चढून बसता येतं. वरून जाळी बांधा, फार चपळ असतात. पाणी सकाळ-संध्याकाळ बदला. एक रात्र तसं ठेवलं की अंगाला लागलेला चिखलही निघून जातो. शिजवताना मात्र अर्धवट ठेवू नका. ओढ्यातल्या खेकड्यात फुप्फुसाला लागणारे कृमी असू शकतात, ते पूर्ण शिजल्यावरच मरतात. कच्चे ठेचून रस काढायची पद्धत असेल तर तो रस गाळून किमान दहा मिनिटं खळखळ उकळल्याशिवाय कोणाला देऊ नका, आणि ज्या पाट्यावर खेकडे ठेचले तो गरम पाण्याने धुऊन मगच त्यावर चटणी वाटा.